मॅलकीच्या रानातून लाइन

जिल कुत्री मेंढ्यांच्या मागून लांबचा वळसा घेऊन आली, पोटावर दबली आणि पुढच्या शिट्टीची वाट बघत राहिली. फिंटननं शिट्टी ओठांत धरली, तेवढ्यात कुंपणापाशी फोन धरून उभी असलेली त्याची बायको नुआला ओरडली, "थांब, थांब. गेला!"

"कोण गेला?"

"नॉर्वेवाला. चित्र अडकलं त्याचं."

"मग मी काय करू?"

"उभा राहा तसाच."

फिंटन उभा राहिला. काठी वर धरलेली, एक पाय चिखलात, दुखरा खुबा आखडलेला. पाऊस आडवा येत होता. सहा मेंढ्या त्याच्याकडे बघत होत्या, जिल मेंढ्यांकडे. नुआला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन डोक्यावर धरून घराच्या भिंतीकडे चार पावलं गेली आणि परत आली. चित्र आलं, पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा कुत्री घ्यायला बघणाऱ्या नॉर्वेवाल्यानं 'नंतर बोलू' असं सभ्यपणे लिहून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्याचं पत्र आलं. नुआलानं ते चहाच्या टेबलावर वाचून दाखवलं. कुत्री देखणी आहे, चाल चांगली आहे. पण मेंढ्यांसमोर आली की थिजते. आमच्या डोंगरात थिजणारी कुत्री चालत नाही. क्षमस्व.

"थिजते?" फिंटननं पावाचा तुकडा बशीत टाकला. "जिल थिजते?"

"लाइन थिजली रे. त्याला काय कळणार तिकडं बसून?"

"कळवलंस का त्याला?"

"तीनदा. तो म्हणतो, सगळे विकणारे असंच म्हणतात."

मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यात यापेक्षा वाईट खोड नाही. मेंढीच्या डोळ्याला डोळा लावून जागच्या जागी खिळून बसायचं, मालकानं कितीही शिट्ट्या मारो. असा कुत्रा फुकटही कुणी नेत नाही. आठवडाभरात एका स्विस बाईनंही विचारलं, तुमची ती थिजणारी कुत्री हीच का? फिंटननं काठी भिंतीला टेकवली आणि गोठ्यात निघून गेला.

पूर्वी गिऱ्हाईक दारात यायचं, नाहीतर फिंटन गाडीत कुत्री घालून मेंढ्या हाकायच्या शर्यतींना जायचा. खुबा बिघडल्यापासून लांबचा प्रवास संपला. पिल्लू वर्षाचं झालं की दोन वर्षं रोज रानात घेऊन हिंडायचं काम त्याचं. त्याच्या चित्रफिती काढायच्या, परदेशातल्या लोकांशी बोलायचं काम नुआलाचं. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी जनावरांच्या बाजाराचा मोठा लिलाव असतो, तोही आता फोनवरच. प्रत्येक कुत्र्याला दहा मिनिटं, रानातून थेट. त्या दहा मिनिटांवर त्यांचं वर्ष चालायचं. ऑगस्ट संपत आला होता.

नुआलानं इंटरनेटच्या कंपन्यांना फोन लावायला सुरुवात केली. जुन्या तारेवाल्या कंपनीचा माणूस गोड बोलणारा होता.

"मॅडम, याच तारेवर नवं पॅकेज घ्या. वेग दुप्पट."

"कुठला वेग? येणारा की जाणारा?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "येणारा."

"मला सिनेमे बघायचे नाहीत हो. मला इथून कुत्री दाखवायची आहे. जाणारा किती?"

"जाणारा आहे तोच राहील."

तिनं फोन ठेवला. मग मोबाइलवाल्यांचा माणूस येऊन गेला. हातात यंत्र घेऊन तो घराभोवती फिरला, छपरावर चढला, खाली उतरला आणि शेवटी दमत दमत डोंगरावरच्या मेंढवाड्यापर्यंत गेला. तिथून त्यानं हात हलवला. खाली येऊन म्हणाला, "वर झकास मिळतंय."

"मग वरच राहायला जाऊ का आम्ही?" फिंटननं विचारलं.

उरले दोन मार्ग. एक आभाळातल्या उपग्रहावर चालणारी डिश. दुसरा फायबर. फायबर दरीतल्या हॉलपर्यंत आलं होतं. कंपनीचं म्हणणं असं, की वरच्या आठ घरांनी आपापले चर स्वतः खणून नळी टाकली तर आम्ही सप्टेंबरअखेर लाइन ओढून देऊ. त्यानंतर आमची माणसं दुसऱ्या जिल्ह्यात जातील. आम्हा आठ घरांचा गट डिम्फनानं बांधला होता. पोस्ट ऑफिस होतं तेव्हा ती ते चालवायची. ते बंद झालं तरी साऱ्या दरीची उठाठेव तिच्याकडेच राहिली. ती नकाशा घेऊन आली आणि नुआलाच्या टेबलावर पसरून बसली.

"तुमच्या घराच्या वाटेखाली खडक आहे. चारशे मीटर. तिथं पहार लागत नाही, मशीन आणावं लागेल. ते महिनाभर तरी मोकळं नाही." तिनं बोट खाली सरकवलं. "हे मऊ रान आहे. इथून दोन दिवसांत होईल."

ते रान खालच्या शेजाऱ्याचं, मॅलकीचं होतं.

"मी डिश आणतो," फिंटन म्हणाला.

"डिशला मोकळं आभाळ लागतं फिंटन. तुझ्या डोक्यावर डोंगर आहे."

"तरी डिशच आणतो."

नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मॅलकीच्या खालच्या रानात अकरा गाभण मेंढ्या फाडलेल्या सापडल्या होत्या. फिंटनचा कुत्रा रॉय तिथेच होता. मॅलकीनं त्याला गोळी घातली. कायद्यानं त्याला तो हक्क होता. पण रॉय म्हणजे साधा कुत्रा नव्हता. देशभरातल्या शर्यती मारलेला, आणि फिंटनची पुढची सगळी कुत्री त्याच्याच रक्ताची. जिल त्याची नात. फिंटननं तेव्हा सगळ्यांना सांगितलं, मेंढ्या दुसऱ्या कुणी फाडल्या, माझा कुत्रा त्यांना राखायला गेला होता. लोकांनी फिंटनचं खरं मानलं. मॅलकी घुमा माणूस, भांडायलाही आला नाही. त्या उन्हाळ्यात त्याच्याकडं लोकर कातरायला कुणी गेलं नाही. चर्चमध्ये त्याच्या बाकावर तो आणि त्याची बहीण ब्रिडी, दोघंच बसायला लागली. ब्रिडी आणि नुआला शाळेपासूनच्या मैत्रिणी. नुआलानं तिच्याशीही बोलणं तोडलं. चार वर्षांपूर्वी ब्रिडी गेली.

फिंटनला न सांगता नुआला एका सकाळी मॅलकीच्या दारात जाऊन उभी राहिली. मॅलकीनं दार अर्धंच उघडलं. सत्तरी उलटलेली, बोटं संधिवातानं वाकडी झालेली, स्वेटरचं कोपर उसवलेलं.

"तुमच्या खालच्या रानातून चर न्यायचाय, मॅलकी. फूटभर रुंद. वरचं गवत जसंच्या तसं बसवून देऊ."

"ब्रिडीला पुरलं तेव्हा तू फाटकाबाहेर उभी होतीस," मॅलकी म्हणाला.

नुआलाला हे अपेक्षित नव्हतं. "हो."

"पाऊस होता. आत यायचं होतंस."

"कसं येणार होते मी?"

"चालत." त्यानं दार लोटता लोटता सांगितलं, "ज्याला लाइन हवी त्याला पाठव. बायकांना पुढं करू नका म्हणावं."

तिनं घरी आल्यावर सांगितलं तेव्हा फिंटन तिच्यावरच उखडला. "तुला कुणी सांगितलं होतं जायला? नाक घासायला?"

"कुणीतरी जायलाच हवं होतं ना?"

चौथ्या दिवशी डिश आली. फिंटननं स्वतः शिडीवर चढून ती भिंतीला ठोकली. खुबा इतका कळवळला की उतरताना नुआलाला त्याचा पाय धरून एकेका पायरीवर ठेवावा लागला. पण लाइन जोरात आली. पहिल्या तासात नुआलानं सहा चित्रफिती पाठवल्या. फिंटन स्वयंपाकघरात शीळ घालत फिरला.

मग ती तुटली. पंधरा सेकंद. परत आली. बारा मिनिटांनी पुन्हा वीस सेकंद. नुआलानं दिवसभर घड्याळ घेऊन टिपणं केली. डिशमध्ये दोष नव्हता, कंपनीची बाई फोनवर नीट समजावून सांगत होती. दक्षिणेला डोंगर आणि उत्तरेला ॲशच्या झाडांची रांग, मधल्या पट्टीत जेवढं आभाळ दिसतं तेवढ्यावरच ती जगणार.

"झाडं तोडतो," फिंटन म्हणाला.

"आणि डोंगर?"

फिंटननं खिडकीतून डोंगराकडं बघितलं.

"दहा मिनिटांत एकदा तरी तुटणार, फिंटन. आणि जिल थिजते ही बोंब आधीच झालीय. मेल बघायला, बिलं भरायला डिश चांगली आहे. आपल्या कामाची नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी फिंटन काठी टेकत खालच्या रानातून मॅलकीच्या वाड्याकडं गेला. मॅलकी एकटाच मेंढ्यांना जंताचं औषध पाजत होता. वाकड्या बोटांनी त्याला मेंढीचा जबडा धरवत नव्हता. पाजलेलं निम्मं औषध त्याच्या बाहीवरून ओघळत होतं. फिंटन आलेला त्यानं पाहिला आणि पुढची मेंढी ओढली. फिंटन पावसात उभा. दहा मेंढ्या झाल्या. पंधरा झाल्या. सोळावीनं मॅलकीला भिंतीवर दाबलं, तेव्हा फिंटननं काठी टाकली, आत शिरून तिची मान गुडघ्यांत धरली आणि जबडा वर केला.

"हं."

मॅलकीनं औषध घातलं. मग पुढची. दोघं तासभर तसेच राबले. बोलणं झालं ते मेंढ्यांचं.

"ही लंगडते रे."

"खुर सडलाय. शुक्रवारी छाटतो."

"दात गेलेत हिचे."

"आपलेही गेलेत."

शेवटची मेंढी सोडून मॅलकीनं हात पँटला पुसले. "रान देतो. पैसे नकोत. गुरुवारी डिम्फनाची बैठक आहे. तिथं सगळ्यांसमोर सांग, माझ्या मेंढ्या रॉयनं फाडल्या."

"जे झालंच नाही ते कसं सांगू?"

मॅलकी त्याच्याकडं बघत राहिला. फिंटननं खाली वाकून काठी शोधली. ती त्याच्या पायापाशीच होती, तरी त्याला ती उचलायला वेळ लागला.

"गुरुवारी," मॅलकी म्हणाला. "साडेसहाला."

घरी येऊन फिंटननं नुआलाला अट सांगितली. ती भांडी विसळत होती. तिनं ओले हात तसेच कमरेवर ठेवले.

"मेलेल्या कुत्र्याच्या नावानं खोटं बोलायला लावतोय होय? मग नको त्याचं रान. डिशच ठेवू. मी नॉर्वेवाल्याला समजावीन, स्विस बाईला समजावीन. पाहिजे तर तिचं विमानाचं तिकीट काढून इथं आणीन तिला."

"बरं," फिंटन म्हणाला. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. खुबा दुखतोय म्हणाला.

गुरुवारी हॉलमध्ये आठ घरांची मिळून तेवीस माणसं होती. मीही होतो, आमचं घर गटातलं तिसरं. डिम्फनानं नकाशा फळ्यावर लावला होता. कुणाची नळी आली, कुणाची यायचीय, फावडी किती, असं सगळं चाललं होतं. मॅलकी मागं दाराशी टोपी घालूनच उभा होता. बसा म्हटलं तर बसला नाही.

"फिंटनचं घर डिशवर जाणार," डिम्फना म्हणाली. "म्हणजे आठवं घर गळलं. कंपनीला कळवते."

"थांब," फिंटन म्हणाला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उठला.

नुआलानं त्याची बाही ओढली. "अरे, ठरलंय ना आपलं? बस खाली."

तो बसला नाही. "मॅलकीच्या मेंढ्या रॉयनं फाडल्या," तो म्हणाला. "त्या रात्री फाटकाची कडी मी लावली नव्हती. सकाळी मॅलकीनं कुत्रा आणून दाराशी ठेवला. त्याच्या दातांत लोकर होती. मी ती बोटांनी काढली. सगळी काढली. आणि मग नुआलाला हाक मारली."

मी नुआलाकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. तिनं त्याची बाही अजून धरली होती. मग हळूच सोडली आणि हात मांडीवर ठेवला.

"रॉयच्या रक्ताची कुत्री विकत होतो," फिंटन म्हणाला. "हे कळलं असतं तर एक विकलं गेलं नसतं. म्हणून." तो खाली बसला.

मॅलकी फळ्यापर्यंत चालत आला. डिम्फनाच्या टेबलावरचा संमतीचा कागद त्यानं आपल्याकडं ओढला.

"पेन कुणाकडं आहे?"

वाकड्या बोटांत पेन धरून त्यानं सही केली. त्याला वेळ लागला. तो गेल्यावर मागच्या रांगेतला एकजण फिंटनपाशी येऊन म्हणाला, "ते पिल्लू मी सांगून ठेवलं होतं ना, राहू दे आता." फिंटननं मान हलवली.

नुआला घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. दारात गमबूट काढताना म्हणाली, "ब्रिडी पाच महिने अंथरुणावर होती."

"माहिती आहे."

"तिनं दोनदा निरोप पाठवला होता मला. तुझ्या त्या कुत्र्यापायी मी गेले नाही."

"नुआला—"

"आता बोलू नकोस. आणि लिलावाच्या कागदावर हे लिहायचं. जिलच्या आजोबांच्या रकान्यात. मी लिहिणार आहे."

"मग तिला कुणी घेणार नाही."

"नाही घेतलं तर नाही घेतलं."

तिनं लिहिलं. तीन ओळी, कडीसकट.

चर खणायला सोमवारी सुरुवात झाली. फिंटनला फावडं झेपत नव्हतं, पण तो ऐकेना. गुडघ्यावर बसून हातानं दगड काढत राहिला. आम्ही पाचजण पाळीपाळीनं खणत होतो. वरचं गवत चौकोनी कापून एका बाजूला, काळी माती दुसऱ्या बाजूला. दुपारपर्यंत पाठीचे काटे ढिले झाले. मॅलकी सकाळपासून कुंपणावर हात टेकून बघत होता. अकराच्या सुमाराला तो आत आला आणि बुटाच्या टाचेनं जमिनीवर रेघ मारली.

"इथून वळवा. पुढं जमिनीखाली माझा जुना दगडी नाला आहे. फोडलात तर सगळं रान तळं होईल."

"किती खोल आहे?" फिंटननं खालूनच विचारलं.

"तुझ्या खांद्याइतका. बसलेल्या."

कुणीतरी हसलं. फिंटनही हसला असावा. चिखलानं तोंड भरलेलं, त्यामुळं कळलं नाही.

नुआला दोन्ही दिवस चहाची किटली आणि लोणी लावलेला पाव घेऊन आली. सगळ्यांना दिलं, मॅलकीलाही दिलं. फिंटनचा कप त्याच्याजवळ जमिनीवर ठेवायची. घरातही असंच चाललं होतं. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, औषधाची गोळी बशीत. बोलणं कामापुरतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी कंपनीच्या दोन मुलींनी नळीतून तार ओढली आणि भिंतीवर पांढरी डबी बसवली. एकीनं आकडे वाचून दाखवले. येणारा आणि जाणारा, दोन्ही सारखेच. नुआलानं ते दोनदा म्हणायला लावले. डिश उतरवून परत पाठवली.

लिलावाच्या दिवशी आभाळ कोरडं होतं. जिलचा नंबर चौदावा. नुआलानं फोन धरला, फिंटननं शिट्टी मारली. जिल गेली, सहा मेंढ्या गोळा करून आणल्या, अरुंद फाटकातून काढल्या, दोन वेगळ्या केल्या, वाड्यात घातल्या. एका मेंढीनं पाय आपटून तिला अडवलं तेव्हा ती क्षणभर थांबली, दोन पावलं पुढं सरकली, आणि मेंढी मागं वळली. चित्र कुठं हललं नाही. दहा मिनिटं झाली आणि बोली लावणाऱ्यांना प्रश्न विचारायची वेळ आली.

पहिला आवाज नॉर्वेवाल्याचाच होता. त्याचा चेहरा फोनवर मोठा दिसला, लाल दाढी, मागं लाकडी भिंत.

"आजोबांबद्दल लिहिलंय ते खरं आहे का?"

नुआलानं फोन फिंटनच्या तोंडासमोर धरला. स्वतः दुसरीकडं बघत राहिली.

"खरं आहे," फिंटन म्हणाला. "फाटक मी उघडं ठेवलं. कुत्रा रात्रभर मोकळा राहिला. जिल एकटी रानात कधी सुटलेली नाही. पण कुणीही कुत्रा रात्री मोकळा सोडू नये. तिलाही सोडू नका."

पलीकडे काहीच नाही. फिंटनला वाटलं, लाइन गेली. पण दाढीवाला पापण्या मिटत होता, उघडत होता. तो विचार करत होता.

"माझे वडील एकदा असंच फाटक विसरले होते," तो शेवटी म्हणाला. "त्यांनी कुणाला सांगितलं नाही." आणि त्यानं बोली लावली.

स्विस बाईनं एकदा वर नेली, तिनं सोडल्यावर जिल त्याचीच झाली. रॉयबद्दल ते लिहिलं नसतं तर लागली असती तेवढी बोली नव्हती. पण वर्ष निघण्याइतकी होती.

फिंटन जिलपाशी गुडघ्यावर बसला. तिच्या कानामागं खाजवत राहिला. पुढच्या आठवड्यात ती जाणार होती.

"झालं," तो म्हणाला.

"हो." नुआलानं फोन कोटाच्या खिशात घातला. स्वयंपाकघरात जाऊन आली, तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेला गरम सोडा ब्रेड होता. "मी मॅलकीकडं जाऊन येते. कुत्र्यांचं तू बघ."

"मी येऊ?"

ती थांबली. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी.

"आज नको," ती म्हणाली. "आज मला त्याच्याशी ब्रिडीबद्दल बोलायचंय. तू नंतर कधी ये."

ती फाटकातून बाहेर पडली, कडी लावली आणि चराच्या कडेकडेनं खाली उतरू लागली. कापून बसवलेलं गवत अजून धरलं नव्हतं. त्याच्यावर पाय पडू नये म्हणून ती जरा बाजूनं चालत होती. फिंटन कुंपणाला टेकून बघत राहिला. खाली मॅलकीचं दार उघडलं. या वेळी पूर्ण उघडलं. ती आत गेली.

मग फिंटननं बादली उचलली आणि कुत्र्यांचं खाणं करायला गेला.